ढगपारव्याचे पाय

मुलगी : आणि ही तार?

वडील : कुठली तार?

मुलगी : ही. पायाच्या नळीत. इथे एक हाड संपतंय, इथे दुसरं सुरू होतंय आणि दोन्हींच्या मधून तार गेलीय. उजेडाकडे बघा ना, बाबा.

वडील : चष्मा कुठे ठेवला मी?

आत्या : डोक्यावर आहे. आणि धाकट्या, हात खाली आणू नकोस. लोकरीचा गुंता झाला तर तुलाच सोडवायला बसवीन.

वडील : अक्का, पोरगी कामावरून एक्स-रे घेऊन आलीय. दोन मिनिटं सोड की.

आत्या : एवढी लडी होऊ दे. तिचे हात रिकामे आहेत, ती धरेल तुझ्या नाकासमोर. ठमे, कुणाचा पाय मोडला गं?

मुलगी : कुणाचा नाही, आत्या. संग्रहालयातल्या ढगपारव्याचा एक्स-रे आहे.

आत्या : अगंबाई! त्याला मरून साठ वर्षं होऊन गेली. आता कसला एक्स-रे? यानं जन्मभर मेलेल्या पाखरांत पेंढा भरला, आता तू त्यांचे फोटो काढ.

वडील : पेंढा नाही, कापूस. चाळीस वर्षं सांगतोय.

आत्या : त्या पाखराला काय फरक पडतो?

मुलगी : बाबा, तारेचं सांगा.

वडील : अगं, पक्षी भरणाऱ्याकडे तार असायचीच. तिच्याशिवाय पक्षी उभा कसा राहील?

मुलगी : उभा राहायचा असेल तर. काचेच्या कपाटातल्या पक्ष्यात तार असते. हे खणात आडवे झोपवलेले आहेत, पोटावर पाय जोडून. आडव्या पक्ष्याच्या पायात तार घालायची नसते. हे मला तुम्हीच शिकवलंत. मी दुसरीत होते.

वडील : मग कुणी जुन्या माणसानं घातली असेल. माझ्याआधी तिथे दोघे जण होऊन गेले.

मुलगी : टोकाला उलटा आकडा आहे. नीट बघा. तार आत सरकू नये म्हणून मागे वळवून दाबलेली. आपल्या घरातल्या प्रत्येक फोटोच्या मागे हाच आकडा आहे. माझ्या दप्तराचा बंद तुटला होता, त्यालाही हाच होता.

वडील : हं.

मुलगी : हा एकच नाही. काल मी नऊच्या नऊ पक्ष्यांचे एक्स-रे काढले. अठरा पाय, अठरा तारा.

आत्या : धाकट्या, हात पुन्हा खाली आले तुझे.

वडील : तू ताण कमी दे. ओढतेस किती.

मुलगी : मी रागावून आलेले नाही, बाबा. मला फक्त खरं सांगा. सोमवारी अहवालावर माझी सही व्हायची आहे.

आत्या : कसला अहवाल? तो नाहीसा झालेला ढगपारवा परत आणणार होतात, तोच का? मागे तू सांगितलंस तेव्हा मला वाटलं थट्टा करतेयस. मेलेलं पाखरू अंड्यातून कसं निघेल?

मुलगी : मेलेलं नाही निघत, आत्या. आता बघ, प्रत्येक जीवाच्या शरीरात एक लांबलचक मजकूर असतो, तो कसा घडवायचा त्याचा. त्याला डीएनए म्हणतात. जुन्या पक्ष्याच्या पायाच्या बोटाखाली थोडं सुकलेलं मांस उरतं. तिथून तिळाएवढा तुकडा काढायचा आणि त्यातला मजकूर वाचायचा. मग तो साध्या पारव्याच्या मजकुराशी ओळीला ओळ लावून बघायचा. जिथे जिथे फरक दिसेल, तिथे तिथे साध्या पारव्याच्या अंड्यात बदल करायचा.

आत्या : पायच का? सगळं पाखरू सोडून?

मुलगी : पायातून घेतलं की पक्षी बाहेरून खराब दिसत नाही. जगभर असंच करतात. संग्रहालयवाले दुसरीकडे हात लावूच देत नाहीत.

आत्या : मग? किती फरक निघाले?

मुलगी : आम्हाला वाटलं होतं लाखो निघतील. दहा-वीस वर्षांचं काम असेल. पण निघालेच नाहीत जवळजवळ. ढगपारवा आणि रस्त्यावरचा पारवा म्हणजे सख्खी भावंडं. आमच्या सरांनी केक आणला. म्हणाले, देवानं निम्मं काम आधीच करून ठेवलंय.

आत्या : मग चांगलं झालं की.

मुलगी : फारच चांगलं झालं, आत्या. तिथेच मला शंका यायला हवी होती. आली नाही, कारण मलाही तेच हवं होतं. मागच्या आठवड्यात मी सहज त्या नऊ पक्ष्यांना एकमेकांशी ताडून बघितलं. ढगपारवे लाखांनी असायचे ना? सूर्य झाकायचे म्हणतात.

आत्या : म्हणतात कशाला, मी बघितलंय. आमची आई ओरडायची, ढग आले, कपडे आत घ्या. सगळ्या दोरीवर विष्ठा व्हायची.

मुलगी : तेच. लाखांच्या थव्यातले नऊ पक्षी एकमेकांपासून बरेच लांबचे असायला हवेत. हे नऊ इतके जवळचे निघाले, जसे काही एकाच छतावर वाढलेत.

वडील : एकाच छतावर वाढले होते.

मुलगी : काय म्हणालात?

वडील : संग्रहालयाच्याच छतावर. पाण्याच्या टाकीमागे. साधे पारवे. थंडीत मरून पडायचे तिथे.

आत्या : धाकट्या, हे काय बोलतोयस?

वडील : तू लोकर गुंडाळ, अक्का. थांबू नकोस. हात असे बांधलेले आहेत तोवर बोलून होईल.

मुलगी : बोला.

वडील : तू चार-पाच वर्षांची असशील. त्या वर्षी मागच्या खोलीचं छत गळलं आणि खणांमध्ये भुंगेरे शिरले. कातडं खाणारे, बारीक. पिसांना ते हात लावत नाहीत सहसा. पण पायांत मांस असतं, ते त्यांना आवडतं. मी खण उघडला तर पक्षी जसेच्या तसे आणि पायांच्या जागी भुसा. नऊच्या नऊ. एकाचंही बोट शिल्लक नाही. चिठ्ठ्या सुट्ट्या पडलेल्या.

मुलगी : चिठ्ठ्या पायाला बांधलेल्या असतात.

वडील : असतात. पायच नाहीत म्हटल्यावर कशाला बांधणार? आणि पुढच्या आठवड्यात बाहेरून पंधरा-वीस अभ्यासक यायचे होते. खास ढगपारवे बघायला. तेव्हाचे आमचे साहेब खणाकडे बघत उभे राहिले. मग मला म्हणाले, तुमचा हात चांगला आहे. एवढंच म्हणाले.

आत्या : आणि तू शहाण्यासारखा लागलास कामाला.

वडील : लागलो. छतावर गेलो, मेलेले पारवे गोळा केले. पाय गुडघ्याखाली कापले, तारेनं जोडले. जोड पिसांखाली येईल असा. साध्या पारव्याचे पाय गुलाबी असतात, ढगपारव्याचे डाळिंबाच्या दाण्यासारखे. रंगाचे तीन हात दिले. वर लाखेचा एक पातळ थर. मग सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा बांधल्या. आलेल्या लोकांनी भिंगातून बघितलं. एक जण म्हणाला, पायांचा रंग किती छान टिकलाय.

मुलगी : तुमची नखं लाल होती.

वडील : हं?

मुलगी : मला आठवतंय. तुम्ही मला भरवत होतात आणि तुमची नखं लाल होती. मला वाटलं तुम्हाला लागलंय. मी जेवले नव्हते.

वडील : आठवडाभर निघाला नाही तो रंग.

मुलगी : आणि नोंदवहीत?

वडील : नोंदवहीत लिहिलंय. मी काही लपवलं नाही.

मुलगी : काय लिहिलंय?

वडील : “नऊ नमुने दुरुस्त केले.”

मुलगी : वाचलंय मी ते. सहा वर्षांपूर्वी, पहिल्याच आठवड्यात. तुमचं अक्षर बघून बरं वाटलं होतं. मला वाटलं कापूस बदलला असेल. एवढं वाचून पान उलटलं.

वडील : साहेब म्हणाले, दुरुस्त म्हणजे दुरुस्तच, आणखी काय लिहायचं? आणि तेव्हा पायाच्या बोटातून कुणी काही वाचेल हे कुणाच्या डोक्यात होतं? आमच्या दृष्टीनं पाय म्हणजे चिठ्ठी बांधायची जागा.

मुलगी : म्हणजे गेली सहा वर्षं, तीस माणसं आणि चार कोटींची यंत्रं मिळून आम्ही रस्त्यावरचा पारवा परत आणतोय.

आत्या : तो तर गेलाच नव्हता. माझ्या खिडकीत बसलाय बघ.

मुलगी : हसू नकोस, आत्या.

आत्या : हसत नाही गं. रडायचं कसं तेवढं कळत नाहीये.

मुलगी : अंडीसुद्धा ठेवली आहेत उबवायला. सहा. मंगळवारी फुटतील. सरांनी नावं ठरवून ठेवलीत. दारावर पडदा लावलाय, पिल्लांना आमचे चेहरे दिसू नयेत म्हणून. आम्ही राखाडी हातमोजे घालून भरवणार होतो.

वडील : निघतील की पिल्लं.

मुलगी : निघतील. धट्टीकट्टी निघतील.

वडील : बरं, पाय सोड. धड तर खरंच ढगपारव्याचं आहे. पोटाच्या कातड्यातून घे. आता संग्रहालयवाले नाही म्हणणार नाहीत. मी येतो, मी दाखवतो कुठे चीर द्यायची. बाहेरून कळणारसुद्धा नाही.

मुलगी : कळण्या न कळण्याचं आता राहू द्या. कातड्याला काय काय लावलं होतं?

वडील : आतून सोमलाचा विषारी साबण. तो सगळ्यांनाच असायचा.

मुलगी : सोमल चालतो. मजकूर टिकतो त्यात. आणखी?

वडील : आणखी काय. भुंगेरे मारायला हवे होते. अळ्या आत असतात, दिसत नाहीत. पक्षी भट्टीत ठेवले.

मुलगी : किती अंशांवर?

वडील : नव्वदच्या आसपास.

मुलगी : किती वेळ?

वडील : तीन दिवस. आणि मग खात्री म्हणून फॉर्मलिनची वाफ दिली. पेटी बंद करून. दोन आठवडे.

मुलगी : दोन आठवडे.

वडील : पुन्हा एकही भुंगेरा दिसला नाही त्या खणात. आजतागायत नाही.

मुलगी : नाही दिसणार.

वडील : का गं? त्यानं काही होतं का?

मुलगी : बाबा, तुम्ही चांगलं काम केलंत. कुणीही हेच केलं असतं.

वडील : मी ते नाही विचारलं.

मुलगी : होतं. मजकुराचे तुकडे तुकडे होतात. आणि फॉर्मलिननं ते तुकडे एकमेकांना चिकटतात. जळलेलं पुस्तक डिंकात बुडवल्यासारखं. धडातून काही निघणार नाही.

आत्या : दुसरीकडे कुठे नाहीत का ढगपारवे? जगात एवढी संग्रहालयं आहेत.

मुलगी : होता एक. लांबच्या एका छोट्या संग्रहालयात एक पिल्लू होतं. त्याचा उरलेला नखाएवढा तुकडा त्यांनी पाठवला होता. तो या नऊंशी जुळला नाही. पार वेगळा निघाला. आम्ही म्हटलं, हा नमुना खराब झालाय, दुसरं काहीतरी मिसळलंय. नऊ एकीकडे आणि एक एकीकडे, तर चूक एकाचीच असणार.

वडील : आम्ही म्हणजे कुणी म्हटलं?

मुलगी : मी.

आत्या : ठमे…

मुलगी : माझ्याच हाताचं टिपण आहे. “वगळावा.” तोच एक खरा होता.

वडील : उरलाय का त्यातला थोडा?

मुलगी : तीनदा तपासला, संपला. त्यांना परवा विचारलं. त्यांच्याकडे आता फक्त चिठ्ठी आहे. वाचलं होतं तेवढं संगणकात आहे. चारशे बारीक तुकडे. आपल्याला अख्खं वाचनालय हवंय आणि हातात एका पानाची चिंधी आहे.

आत्या : लडी झाली. घे धाकट्या, हात सोड. मी आले.

वडील : कुठे निघालीस?

आत्या : आले म्हटलं ना.

मुलगी : बाबा, दुखतायत का हात?

वडील : नाही. मुंग्या आल्यात. सोमवारी काय करशील?

मुलगी : सांगेन.

वडील : सर काय म्हणतील?

मुलगी : आधी म्हणतील, एक्स-रे कुणी काढायला सांगितला होता. मग दार लावून घेतील. मग काम बंद होईल. माझ्या हाताखाली तीन मुली आहेत, त्यांना दुसरीकडे बघावं लागेल. एकीचं मागच्याच महिन्यात लग्न ठरलंय, इथली नोकरी आहे म्हणून.

वडील : तू सही केलीस तर?

मुलगी : तर पिल्लं निघतील, टाळ्या वाजतील आणि ती मोठी झाल्यावर माझ्या आत्याच्या खिडकीत जाऊन बसतील. कुणीतरी कधीतरी विचारेलच की यांच्यात वेगळं काय आहे.

वडील : माझं नाव घे. पाय माझे… म्हणजे काम माझं होतं. साहेब गेले, त्यांच्यावर ढकलू नकोस. सांग की म्हाताऱ्यानं कबूल केलं. हवं तर मीच येतो सोमवारी.

मुलगी : तुम्ही येऊन काय करणार?

वडील : बाहेर बसेन. कुणी विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तर डबा घेऊन बसेन.

आत्या : ही घे.

मुलगी : हे काय? उशी?

आत्या : माझी उशी. आईनं शिवलेली. आत ढगपारव्याची पिसं आहेत. आम्ही पोती भरभरून उपटायचो, बोटं सोलवटायची. पिसात असतो का गं तुझा तो मजकूर?

मुलगी : असतो. देठाच्या टोकाशी. पीस उपटताना थोडी कातडी येते ना, त्यात. आत्या, ही पिसं कधीची?

आत्या : शेवटच्या थव्याची. त्यानंतर आलेच नाहीत ना. म्हणून तर आईनं जपून उशी केली, तोवर गाद्याच भरायचो.

वडील : अक्का, इतकी वर्षं बोलली नाहीस.

आत्या : मला कुणी विचारलं? मी रोज त्यावर डोकं ठेवते, तुम्ही दोघं संग्रहालयात शोधताय.

मुलगी : कशी ठेवलीस गं? धुतलीस कधी?

आत्या : वा! मी काय घाणेरडी आहे? दर उन्हाळ्यात पिसं काढते, सोड्याच्या पाण्यात उकळते आणि गच्चीवर चादरीवर पसरते. चांगली आठवडाभर. साठ वर्षं एकदाही चुकलं नाही. वास घेऊन बघ.

मुलगी : उकळतेस.

आत्या : खळखळून.

मुलगी : आणि मग ऊन.

आत्या : कडक ऊन. का? चुकलं का काही?

मुलगी : नाही, आत्या. उशी स्वच्छच ठेवायची असते.

वडील : तू घे तरी. न्यायला काय जातं? उसवू?

आत्या : उसव. पण संध्याकाळपर्यंत शिवून द्यायची. मला दुसऱ्या उशीवर झोप लागत नाही.

मुलगी : चिमटा आहे माझ्या पिशवीत. बाबा, भिंग द्या. पंखा बंद करा आधी. हं… ही राखाडी, कडेला तांबूस. हीच ना?

वडील : हीच. छातीच्या बाजूची. बघ तो तांबूस रंग, मला कधीच जमला नाही तसा.

मुलगी : आणि ही पांढरी? पोटाची?

वडील : दाखव. ढगपारव्याला पांढरं कुठेच नव्हतं. अक्का?

आत्या : काय?

वडील : यात पांढरी पिसं कशी?

आत्या : ती होय. उशी चपटी झाली होती. मग मधे मी कोंबडीची घातली थोडी.

वडील : थोडी?

आत्या : निम्मी.

मुलगी : तुम्ही भावंडं मिळून…

आत्या : हस, हस. आल्यापासून पहिल्यांदा हसलीस.

मुलगी : नऊ… दहा… अकरा राखाडी देठासकट सापडली. बाकीची देठं झिजलीत. अकरा पुरे.

वडील : निघेल काही?

मुलगी : नाही निघणार, बाबा. मी नेते, तपासते, पण तुम्ही वाट बघू नका. आणि समजा निघालं. समजा अख्खा मजकूर मिळाला आणि दहा वर्षांनी एक खरा ढगपारवा अंड्यातून निघाला. मग? एकटा?

आत्या : एकटा नाही जगायचा तो. आमच्या बाबांनी एक जोडी पिंजऱ्यात ठेवली होती. खायची, प्यायची. पण घरटं म्हणून केलं नाही. बाबा म्हणायचे, यांना आजूबाजूला कलकल लागते. हजार जणांचा आवाज आला की मगच यांना संसार सुचतो. दोघांत काय कलकल होणार?

मुलगी : हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आत्या : कुणाला वाटलं होतं लिहायला लागेल? रोज डोक्यावरून जायचे.

मुलगी : त्यांचा आवाज कसा होता, तेसुद्धा कुठे नाही. एकही ध्वनिमुद्रण नाही. एका जुन्या पुस्तकात लिहिलंय, “हाक घशातून, दोन ठोक्यांची.” तेवढंच.

आत्या : मग याला विचार ना. याला हाक येते त्यांची.

मुलगी : कुणाला?

वडील : अक्का, राहू दे.

आत्या : का राहू दे? ठमे, आमचे बाबा जाळी लावायचे आणि हा हाक मारायचा. नऊ वर्षांचा होता. ओंजळ करून त्यात फुंकायचा. अख्ख्या पट्ट्यात याच्यासारखी हाक कुणाला यायची नाही. लांबून लांबून लोक न्यायला यायचे याला.

मुलगी : बाबा? मी सहा वर्षं या पक्ष्यावर काम करतेय. तुम्ही एकदाही बोलला नाहीत.

वडील : बोलण्यासारखं नाही ते. खोटी हाक असते ती. “इथे दाणा आहे, भीती नाही, खाली या.” एवढाच अर्थ तिचा. दुसरी हाक मला येत नाही. पिल्लाला कसे बोलावतात, जोडीदाराला काय म्हणतात, ते शिकायचं काम नव्हतं आमचं.

मुलगी : शेवटचा थवा…

वडील : चाळीसेक होते. तीन वर्षं एकही दिसला नव्हता. सकाळी बाबांनी बोट दाखवलं, खूप उंचावरून चालले होते. थांबणार नव्हते. मी हाक मारली. एकदाच. मग थांबायचं असतं. वीसपर्यंत मोजायचं. घाई करून दुसरी हाक मारली की त्यांना संशय येतो. मी चौदावर होतो तेव्हा त्यांनी उत्तर दिलं आणि वळले.

आत्या : सगळे आले खाली. आई केवढी खूश झाली होती.

वडील : त्यातले नऊ संग्रहालयाचा माणूस घेऊन गेला. खणात आहेत ते तेच. बाकीचे आपण खाल्ले. पिसं तुझ्या चिमट्यात आहेत.

मुलगी : म्हणून तुम्ही तिथे नोकरी धरलीत?

वडील : धरली बुवा. कुठेतरी धरायचीच होती.

मुलगी : बाबा, ती हाक मारा. मी फोनवर रेकॉर्ड करते.

वडील : कशासाठी? कुणाला ऐकवणार आहेस?

मुलगी : माहीत नाही. कुणाला नाही बहुतेक. पण या सगळ्या कामातली ती एकच गोष्ट खरी असेल.

वडील : खोटी हाक, आणि खरी म्हणे.

मुलगी : चाळीस पक्ष्यांना ती खरी वाटली होती.

आत्या : मार रे, धाकट्या. मलाही ऐकू दे एकदा. आता तर कुणी खाली येणार नाही, मग कसली भीती?

वडील : साठ वर्षांत मारली नाही. निघेल की नाही कोण जाणे. दात पडलेत.

आत्या : त्याला दात लागत नव्हते. खिडकी उघडू?

वडील : उघड. बंद खोलीत मारत नाहीत ती.

(वडील दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी नेऊन फुंकतात. घशातून आल्यासारखा खोल आवाज, दोन ठोक्यांचा. एकदाच. खिडकीतला पारवा उडून जातो.)

मुलगी : झालं? बंद करू?

वडील : शू.

मुलगी : सॉरी.

आत्या : धाकट्या…

वडील : थांब.

आत्या : अरे, अजून मोजतोयस की काय?

वडील : हं.

आत्या : किती झाले?

वडील : सत्त्याऐंशी.